मास्तरांचं अस्तर

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या तमाम सुजाण नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कृष्णाकाठचा सर्वांत शांत माणूस आतून सुजलेला आहे. कृपया घाबरून जाऊ नये. उभे असाल तर बसून घ्यावे, बसले असाल तर पाठ टेकावी, कारण ही हकीकत आमच्या टेलर मास्तरांची आहे आणि मास्तरांच्या बाबतीत कुठलीच गोष्ट उभ्या उभ्या होत नाही.

मास्तरांचं दुकान सांगलीत, पेठेच्या मागच्या गल्लीत. मी साताऱ्याला राहायला गेलो त्याला जमाना झाला, तरी माझे कपडे अजून तिथेच शिवले जातात. साताऱ्यात शिंपी नाहीत असं नव्हे. पण ते दिलेल्या तारखेला कपडे देतात, आणि अशा माणसांशी आयुष्यभराचं नातं जुळत नाही. मास्तरांकडे कापड टाकायचं म्हणजे ते कापड एका लांब, सुंदर झोपेत जातं. चार महिन्यांनी जाऊन विचारावं, "मास्तर, बेतलं का?" मास्तर त्या घडीवरून हलकेच हात फिरवतात, लहान मुलाच्या कपाळावरून फिरवावा तसा, आणि म्हणतात, "अजून निजलंय. जागं झालं की बेतू." गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, पुढ्यात थंड झालेली इस्त्री, आणि नजर समोरच्या पिंपळाच्या पानांवर. दुपारी नदीकडून वारा आला की दुकानात टांगलेले अर्धवट शर्ट हलायला लागतात. बाह्या नसलेले, कॉलर नसलेले ते शर्ट आणि त्यांच्यामधले मास्तर, कोण कुणाला शिवतंय ते कळत नाही.

माप घेताना ते आकडे बोलत नाहीत. टेप लावतात, डोळे मिटतात आणि निदान सांगतात. मला एकदा म्हणाले, "साहेब, तुमचा डावा खांदा उदास हाय." मी घरी येऊन आरशात पाहिलं. खरोखर उदास होता! आमच्या एका मित्राच्या लग्नाचा कोट त्यांनी छातीत चांगला सैल ठेवला. मित्र भडकला, तर मास्तर शांतपणे म्हणाले, "लग्नात माणूस हसतो. हसू मावाय पायजे न्हवं?" मित्र हसला आणि कोट बरोब्बर बसला. मास्तरांना रागावलेलं कुणी पाहिलेलं नाही. गिऱ्हाईक ओरडून ओरडून दमलं की ते त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवतात आणि पुन्हा पिंपळाकडे बघतात.

घरातला सगळा राग वहिनींनी एकटीने सांभाळला आहे. वहिनी म्हणजे मास्तरांची बायको, माहेर जतकडचं. तिथल्या मोकळ्या माळावर वाढल्यामुळे आवाज लांबवर पोचवायची सवय. त्या भाजीवाल्याशी बोलायला लागल्या की शेजारची गल्लीही भाव ऐकून घेते. कुकरची शिट्टी वाजली तर त्या कुकरलाही उलट बोलतात. त्यामुळे गल्लीच्या मांडवात रक्तदाब तपासणीचं शिबिर भरलं तेव्हा सगळ्यांचे डोळे वहिनींच्या दंडाकडे लागले होते. नर्सबाईंनी पट्टा आवळला, सोडला आणि म्हणाल्या, "उत्तम. अगदी विशीतल्या मुलीसारखा." मग मास्तरांची पाळी. पट्टा आवळला, सोडला. पुन्हा आवळला. दुसऱ्या हाताला लावला. मग नर्सबाई हळूच म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही जरा इथंच बसून राहा."

गल्लीत हलकल्लोळ झाला. "मशीन बिघडलंय!" चहावाला म्हणाला. "न्हाईतर वहिनींचा पट्टा तसाच मास्तरांना लावला बाईंनी, त्यातली वाफ राहिली आसंल!" लोक पोट धरून हसले. मास्तर मात्र दुखावले. बीपी तापट माणसांना होतं, ही आपल्याकडची पक्की समजूत. ज्या माणसानं जन्मात आवाज चढवला नाही, त्याच्यावर भर मांडवात तापटपणाचा आरोप! "मी तापट?" ते मला फोनवर पुन्हा पुन्हा विचारत होते, इतक्या मऊ आवाजात की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. पुढे डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण गोळी घेणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. त्यांनी त्या बटणांच्या डब्यात ओतून टाकल्या. कचेरीतल्या कुणा कारकुनाच्या मनगटाचं बटण पहिल्याच धुण्यात विरघळलं, असं गल्लीत सांगतात. मला ते खरं वाटत नाही, कारण गोळीला भोकं नसतात. पण मास्तर असल्यावर छातीठोक काही सांगता येत नाही.

मग सकाळी उठल्यावर त्यांना गरगरायला लागलं. एकदा इस्त्री हातातून सुटली. वहिनींचा मला फोन आला, आणि पहिल्यांदाच मला तो कानाला चिकटवून ऐकावा लागला, इतका आवाज खाली होता. "भावजी, तुमी या. माझं न्हाई ऐकत. पिंपळाकडं बघत बसत्यात." मी साताऱ्याहून पहिली एसटी पकडली, आणि आम्ही तिघं मिरजेला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाई तरुण होत्या. दाब मोजून झाल्यावर त्यांनी मास्तरांची बोटं दाबून पाहिली. सकाळी ती आखडतात का, विचारलं. मग तोंड उघडायला लावलं.

"हिरड्या कधीपासून सुजल्यात? रक्त येतं?"

"हिरड्या म्हणजे तशाच आसत्यात की," मास्तर म्हणाले. "येतं कवातरी."

"आणि तुम्हाला वाटतं, बीपी रागानं होतं?"

"लोक म्हणत्यात."

बाई हसल्या. "रागाचं सोडा. वय आहे, मीठ आहे, आईवडिलांकडून आलेलं काही आहे. पण अंगात अशी बारीक सूज वर्षानुवर्षं धुमसत राहिली ना, की ती रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही झोंबते. अस्तर ताठरतं. नळी सैल पडायची तेव्हा पडत नाही, आणि दाब चढतो. चढलेला दाब परत त्या अस्तरालाच घासतो."

मास्तरांची नजर खिडकीबाहेर होती. ती सावकाश आत आली.

"अस्तर?" ते म्हणाले. "माणसाला आतनं अस्तर आसतं?"

"असतं."

"शिवण कुठं येती?"

"शिवणच नाही, मास्तर. अखंड."

मास्तरांनी डोळे मिटले. त्या क्षणी त्यांना काय दिसलं असेल, मी आजही कल्पना करतो. एक लांबच लांब, बिनशिवणीचं, गुलाबी रेशमी अस्तर, आत सगळीकडे पसरलेलं, जन्मापासून कुणी न पाहिलेलं. "अस्तर आटलं की वरचं भारीतलं कापड बी ओढून घेतं," ते स्वप्नातल्यासारखे बोलत होते. "गिऱ्हाईक म्हणतं कापड खराब. कापडाचा काय गुन्हा?" आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे मी तापट न्हाई!"

"अजिबात नाही."

"साहेब, ऐकलं न्हवं? गल्लीत सांगा." मग जरा थांबून, दबक्या आवाजात, "बाई, ते बदलता येतं का हो?"

"नाही येत. आहे तेच जपायचं. हिरड्यांचा इलाज करा, मीठ कमी करा, आणि गोळी रोज."

गोळीचं नाव निघालं आणि मास्तर परत खिडकीबाहेर गेले. आरोप मागे घेतला गेला होता, आता गोळी कशाला?

आज मास्तर गोळी घेतात. न चुकता. दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आले, टाचण्या आता ओठांत न धरता दंडाला बांधलेल्या टाचण्यांच्या गादीत टोचतात, दाबही बराच उतरला आहे. माझा शर्ट अजून निजलेलाच आहे, ते निराळं. लोकांना वाटतं, अस्तराचं पटलं म्हणून मास्तर वळले. मीही लोकांना तसंच सांगतो, कारण ते शोभून दिसतं. पण मी त्या खोलीत होतो.

"आणि गोळी न्हाई घेतली तर?" मास्तरांनी विचारलं होतं, उद्या पाऊस येईल का विचारावं तसं.

बाईंनी लपवलं नाही. "एखाद्या दिवशी झटका येऊ शकतो. एक बाजू जाते. हात उचलत नाही."

"कंचा हात?"

"ते कसं सांगणार?"

मास्तरांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. कापड पाहावं तसं. "डावा गेला तर चालंल," ते शेवटी म्हणाले. "कात्री उजव्यात धरतो."

दार उघडंच होतं. बाहेर बाकावर माणसं बसलेली. वहिनींनी डोक्यावरचा पदर घट्ट पुढे ओढला, आणि त्यांचा तो माळावरचा आवाज पहिल्यांदाच मधे फाटला.

"आन् माझी वेणी? माझा खांदा वर जात न्हाई म्हणून रोज तुमीच घालता न्हवं? ती काय एका हातानं येती घालाय?"