सात नंबरच्या खोलीतली वेल्श

धाकटीचं कसं होणार, ही धास्ती आईच्या मनातून काही केल्या जात नव्हती. एकतीस वर्षांची पोर. वृद्धाश्रमात व्यायाम करून घ्यायची नोकरी, दिवसभर माणसांना उठवा, बसवा, चालवा. खोलीवर परतल्यावर तरी पाठ टेकावी की नाही? आईनं व्हिडिओ कॉल लावला, की ही कानात इयरफोन घालून वेल्श शिकत बसलेली.

"कुणाशी बोलणार आहेस ती भाषा?"

"एकाच माणसाशी."

"मग त्यालाच आपली शिकव की."

"येत होती गं त्यांना. पुसली गेली."

ते म्हणजे सात नंबरच्या खोलीतले घड्याळवाले आजोबा. ऐन तिशीत वेल्सहून या शहरात आले, चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आपल्या भाषेत गिऱ्हाइकांशी मनसोक्त हुज्जत घातली. मग मेंदूला झटका आला आणि उरली ती फक्त लहानपणची वेल्श. सांगितलेलं कळेना म्हणून व्यायाम होईना, आणि व्यायाम नाही म्हणून पाय आखडत चाललेले. महिनाअखेरच्या तपासणीत दांडी धरून अर्धं मिनिट उभे राहिले नाहीत, तर रवानगी वरच्या मजल्यावर, कायमच्या अंथरुणाला खिळलेल्यांत. तिथून कुणी खाली आलेलं धाकटीनं पाहिलं नव्हतं.

तिनं नवशिक्यांचे ऑनलाइन धडे धुंडाळले. एका ठिकाणी आठवडाभर 'मला कॉफी आवडते' आणि 'आज हवा छान आहे' एवढंच. दुसरीकडे शिकवणाऱ्या बाई मोठ्या गोड, पण हातपाय यायचे चौदाव्या आठवड्यात. शेवटी हाती लागले बालवाडीच्या कवायतीचे धडे. पाय उचला, हात वर, उभे राहा, सगळं टाळ्या वाजवत आणि हेल काढत. धाकटीनं ते चालीसकट घोकलं, कारण चाल सोडली की पुढचं आठवायचंच नाही.

आणि एका सकाळी सत्तरी ओलांडलेल्या माणसासमोर तिनं टाळ्या पिटत, मान डोलावत हुकूम सोडले. आजोबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, ते संध्याकाळपर्यंत.

"बरोबरच आहे त्यांचं," आई म्हणाली. "मला कुणी बडबडगीत म्हणत औषध पाजलं असतं, तर पेला फेकला असता मी."

"आता काय करू, ते सांग."

"नाद सोड."

नाद सोडेल ती धाकटी कसली. दुसऱ्या दिवशी तिनं तोच धडा लावून फोन आजोबांच्या हातात दिला आणि आपण वही उघडून समोरच्या स्टुलावर बसली, अगदी शिष्यासारखी. आजोबांनी धडा पाहिला, तिच्याकडे पाहिलं, फोन बाजूला ठेवला. मग एक बोट वर करून त्यातला पहिला हुकूम त्यांनी सावकाश, कोरड्या आवाजात म्हटला. तिनं म्हटला. त्यांनी नाही अशी मान हलवली, पुन्हा. असं अकरा वेळा. दुकानात नव्या शागिर्दाला असंच पिळून काढत असणार. 'उभे राहा' काही तिच्या तोंडी नीट बसेना, तेव्हा वैतागून त्यांनी दांडी पकडली आणि करून दाखवायला म्हणून खुर्चीवरून वीतभर वर उठले. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

काल तपासणी झाली. अठरा सेकंद. डॉक्टरांनी पंधरा दिवसांची मुदतवाढ दिली.

"बारा सेकंदांचाच प्रश्न आहे," धाकटी आज जेवणाच्या सुट्टीत सांगत होती. "पण मी अडखळले की ते मला सुधारायला खाली बसतात. कपाटाशी बोलून बोलून सराव करतेय. समोर उठणारं-बसणारं माणूस हवं गं. इथल्या लोकांसमोर लाज वाटते."

आईनं फोन ठेवला आणि भाजी चिरायला घेतली, पण हात चालेना. जो माणूस तीन महिने खुर्चीतून उठला नव्हता, त्याला आपल्या पोरीनं गुरू करून उठवलं होतं. आणि आपण तिला काय सांगितलं, तर नाद सोड. स्वतःचीच तिला लाज वाटली, आणि पोरीचा अभिमान त्याहून मोठा होता.

तिनं सुरी खाली ठेवली. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची भिंतीपासून ओढून मोकळ्यावर आणली, हलत नाही ना ते पाहिलं आणि समोरच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. वेल्शचा एक शब्द तिला येत नव्हता, म्हणजे धाकटीनं नीट सांगितल्याशिवाय ती उठणारच नव्हती. पोरीची जेवणाची सुट्टी संपायला अजून वीस मिनिटं होती. आईनं खुर्चीत नीट बसून घेतलं आणि नंबर लावला.