लखमाचं शटर

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोरही नाही — आणि ती तर माझ्या चालण्यावरून ओळखते की आज ऑफिसात कुणाशी वाजलं. तुमचा नि माझ्या गावाचा काही संबंध नाही, म्हणून जीभ सुटतेय. मी पस्तावा होऊन रडायला बसलोय असं मात्र समजू नका. रडू वगैरे मला येत नाही.

आमचं गाव शहापूरहून मुरबाडला जाताना लागतं. भातशेती पिढ्यान् पिढ्यांची. मी गावातूनच कल्याणला नोकरीला जायचो. गाडी घेतली तेव्हा जुन्या खळ्याच्या जागी गाडीसाठी पक्की खोली बांधायला काढली. गावात तशी पहिलीच. खोली म्हटली की शटर आलं, आणि आमच्याकडे शटर करणारा एकच — लखमा.

लखमा कोण? आमच्या ओढ्यापलीकडे एक वाडी आहे. तिथल्या लोकांना जमीन नाही. पावसाळ्यात आमच्या शेतात लावणी, दिवाळी सरली की बायकापोरांसकट वीटभट्टीवर. लखमाची आई जन्मभर आमच्याकडे राबली. तिला चहा मिळायचा तो अंगणात, कान तुटलेल्या कपात. तो कप गोठ्याच्या कोनाड्यात उपडा घातलेला असायचा, घरात यायचा नाही. तिचा हा लेक वाशिंदला एका शटरच्या कारखान्यात दहाबारा वर्षं राहिला, वेल्डिंग शिकला, आणि परत येऊन त्याने फाट्यावर स्वतःची शेड टाकली. वर पाटी, पाटीवर स्वतःचं नाव. भट्टीवर न जाता बारा महिने गावात राहणारं त्या वाडीतलं पहिलं घर त्याचं. त्याच्या पोरी वर्षभर एकाच शाळेत जायच्या. हे सगळं त्या शेडवर उभं होतं, आणि हे मला तेव्हाही नीट माहीत होतं.

माप घ्यायला आला तो मोटारसायकलवर. ओट्यावर चढला, खुर्ची ओढली आणि बसला. "दादा, गाडी मोठी घेताय, तर दार जरा रुंदच ठेवा," म्हणाला. बस्, एवढंच. काही उर्मटपणा नाही, काही नाही. पण ती खुर्ची ओढल्याचा आवाज — काय सांगू तुम्हाला — माझ्या डोक्यातून गेलाच नाही. बायकोने त्याला आमच्याच कपात चहा दिला. मी तोंडदेखलं हसलो.

त्याच वेळी दारात रेतीचा ट्रक खाली झाला होता. खाडीची रेती, ओळखीने मिळालेली. समुद्र आमच्यापासून कुठच्या कुठे, पण खाडीची रेती म्हणजे समुद्रच ट्रकमध्ये भरून आणलेला. ती खारी असते. धुवून वापरली नाही तर भिंतीतून मीठ फुटतं आणि आतलं लोखंड खातं. लखमा जाताना ढिगाशी थांबला, चिमूटभर रेती जिभेवर ठेवली आणि थुंकला. आमच्याकडे जुने गवंडी असंच बघतात.

"दादा, ही लय खारी हाय. दोन पानी धुतल्याबिगर वापरू नका. चॅनल भितीत जातंय, ते खाऊन टाकंल." चॅनल म्हणजे दोन्ही बाजूंची ती खाच, जिच्यातून शटर वर-खाली सरकतं.

मी ती रेती धुणारच होतो हो! गवंड्याला तसं सांगूनही ठेवलं होतं. पण लखमाने सांगितलं — आणि संपलं. आता हा मला शिकवणार? गवंड्याला म्हणालो, "धुवायची काय गरज नाय, तशीच घे." गवंडी बाहेरचा होता. तो कशाला वाद घालतोय?

लखमाने शटर झकास केलं. एका बोटाने उचलावं असं. गिरणीवाले तात्या मुद्दाम बघायला आले — त्यांच्या भातगिरणीचं नवं गोदाम होत होतं, सहा शटरं बसवायची होती. लखमाला म्हणाले, "दोन पावसाळे काढू दे हे, मग तुलाच देतो."

दोन पावसाळे. दुसरा अर्धा झाला तोवर भिंतीवर पांढरी पूड फुटली. चॅनल फुगलं, प्लास्टरचे पोपडे पडले, शटरच्या खालच्या पट्ट्यांना हाताने भोकं पडतील इतका गंज. एका सकाळी मी शटर वर केलं, गाडी काढायला लागलो आणि एका बाजूचं चॅनल उखडून शटर तिरकं होऊन धाडकन बॉनेटवर आलं.

शेजारपाजारचे धावत आले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड! तेवढ्यात माझं लक्ष पडलेल्या प्लास्टरकडे गेलं. सगळे गाडीभोवती होते. मी खाली वाकलो, एक तुकडा उचलला आणि जिभेला लावला.

खारट. मीठच मीठ.

म्हणजे त्या क्षणी मला कळलं होतं. "तेव्हा कळलं नाही, मग कळलं" असं काही नाही. तोंडात ती चव होती आणि त्याच तोंडाने मी बोंब मारली, "बघा रे, लखम्याचं काम! चोर साला!"

तिथे थांबलो असतो तर? रागाच्या भरात बोललो असं म्हणता तरी आलं असतं. पण मी जेवलो, थोडा पडलो, आणि चार वाजता ऑइलपेंटचा डबा काढला. गंजलेल्या दोन पट्ट्यांवर लाल अक्षरात लिहिलं — "लखमाचे काम". आणि त्या पट्ट्या फाट्यावर, त्याच्या शेडसमोरच्या चिंचेला तारेने बांधून आलो. मुरबाडला जाणारा-येणारा प्रत्येक माणूस ते वाचायचा. अक्षर माझं चांगलं आहे, शाळेत बक्षीस मिळालं होतं. त्या पट्ट्या लिहिताना मी ओळ सरळ यावी म्हणून आधी पेन्सिलने रेघ मारली होती. एवढा मी थंड होतो.

दुसऱ्या दिवशी लखमा आला. या वेळी चालत. ओट्यावर चढला नाही. गाडीच्या खोलीकडे गेला, भिंतीला बोट लावलं, बोट जिभेला लावलं. मग माझ्याकडे बघितलं.

"दादा, तुमाला ठावं हाय. लोकांना तुमीच सांगा. माझं आयकनार नाय कोन."

मी म्हणालो, "आधी शटर नवीन बसव. मग बघू."

त्याने बसवलं, पदरच्या लोखंडाने. पाच दिवस खपत होता. जुनं चॅनल भिंत फोडून काढलं, नवं घासूनपुसून दोनदा रंगवून लावलं. गाव बघायला जमायचं, पोरंटोरं "लखम्या चोर" म्हणून ओरडायची, आणि मी ओट्यावर खुर्ची टाकून बसायचो. कुणालाही गप्प केलं नाही. एकदा त्याने प्यायला पाणी मागितलं. मी गोठ्यातला तो कान तुटलेला कप आणून दिला. त्याची आई वारली तरी कप होता अजून. तो प्यायला. धुऊन उपडा घालून ठेवला, त्याच्या आईसारखाच.

आणि गवंड्याला मी काय सांगितलं माहिताय? हळूच, बाजूला घेऊन? "या वेळी खाडीची नको. दगडाची खडी भरडून करतात ती घे." कारण मला माहीत होतं ना!

शेवटच्या दिवशी लखमाने विचारलं, "दादा, आता सांगाल ना?" मी म्हणालो, "हो हो, तू जा." त्याच आठवड्यात गिरणीवाले तात्या आले. नवीन शटर वर-खाली करून बघितलं. "आता बरं केलंय की पोराने! मग आधीचं काय झालं? त्याला देऊ का गोदाम?" विचारलं त्यांनी. सरळ विचारलं. रस्ता मोकळा होता.

मी म्हणालो, "दम भरला म्हणून नीट केलं, तात्या. तुमच्या सहा शटरांना दम भरत बसणार का तुम्ही?"

तात्या हसले. मीही हसलो. काम बाहेरच्याला गेलं. फाट्यावरची शेड पुढच्या होळीआधी मोडली. त्यानंतरची दिवाळी सरली तसा लखमा बायकोपोरींना घेऊन भट्टीवर गेला. मोठी पोर सातवीत होती, हुशार होती म्हणतात. तिची शाळा तिथेच संपली.

याला आता नऊ वर्षं होतील. त्या शटरला गंजाचा ठिपका नाही. अजून एका बोटाने उचललं जातं.

परवा भातकापणीला माणसं कमी पडली, तेव्हा वाडीतून चारपाच जण बोलावले. त्यात लखमा होता. दुपारी सगळे अंगणात चहा घेत होते. तो जमिनीवर बसला होता, पाठ त्याच शटरला टेकून. माझा जावई आलेला, त्याला बंगल्याला शटर लावायचं आहे. त्याने ते वर करून बघायचं म्हटलं, तसा लखमा उठून बाजूला सरकला. जावयाने दोनदा वर-खाली केलं. म्हणाला, "मामा, काय मस्त काम आहे हो! कुणी केलं?"

लखमा तीन हातांवर होता. कप हातात तसाच धरलेला. माझ्याकडे बघत नव्हता, पण ऐकत होता.

मी म्हणालो, "कल्याणहून आणलं."

लखमाने चहा संपवला आणि विळा घेऊन शेताकडे गेला. मी तो जाईपर्यंत बघत उभा होतो. आणि मला बरं वाटलं.