ग्युतेच्या आईचा उन्हाळी चेहरा

आमच्या नामहे बेटावर दालसुनताईच्या तोंडाकडे बघून महिना सांगता यायचा. मे महिन्यात लसूण उपटायला सुरुवात झाली की तिचा चेहरा भाजलेल्या रताळ्यासारखा व्हायचा, तो ऑक्टोबरपर्यंत तसाच. मग थंडीत पालकाच्या वाफ्यांवर वाकून वाकून, चांद्र नववर्षापर्यंत, म्हणजे फेब्रुवारीच्या सुमारास, पुन्हा सोललेल्या रताळ्याचा रंग. तिचा नवरा पानगिल माझ्या पार्लरच्या दारात उभा राहून गेली वीस वर्षं एकच विनोद करायचा. “आमच्या घरात कॅलेंडर लागत नाही बघ. ग्युतेच्या आईचं रताळं भाजलंय की सोललंय, तेवढं बघायचं. झालं!” ग्युते म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा.

दोन वर्षांपूर्वी पानगिलदादांची आठवण झिजायला लागली. आधी छत्री गेली, मग शेजारी, मग मी. मला ते पोस्टमन समजायचे. माझा घोगरा आवाज बघता यात सगळाच दोष त्यांच्या आठवणीचा नसावा. पण ग्युतेची आई मात्र पक्की होती. ती रानातून आली की ते लांबूनच ओरडायचे, “आली बघा!”

गेल्या वर्षी वसंतात ग्युतेचं लग्न ठरलं, ऑक्टोबरमधलं. दालसुनताई केस कुरळे करून घ्यायला माझ्याकडे आली. माझ्या हातात कात्री आली की जिभेलाही धार येते.

“ताई, विहीणबाई शहरातल्या आहेत हं. फोटोत त्यांच्या शेजारी तू, म्हणजे ताटात भाताशेजारी कोळसा.”

“मेली!” ती हसली. मग आरशात स्वतःच्या गालावरून बोट फिरवत राहिली. “काही होतं का गं याचं?”

मीच तिला सनक्रीमची ट्यूब दिली. सकाळी लावायची, दुपारी पुन्हा लावायची, ढग असले तरी लावायची. वर मानेपर्यंत पडदा असलेली टोपी. बायका बांधावरून विचारायच्या, “अगं, नवरी सून आहे की तू?” पण तिनं एक दिवस चुकवला नाही. मे गेला, जुलै गेला, आणि तिच्या चेहऱ्यावर रंग नववर्षाचाच. फक्त हात उन्हाळ्यातले. मी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला माझी करामत सांगत होते.

जूनमध्ये पानगिलदादा कापसाचं जाकीट घालून ओसरीवर बसले होते. “अजून थंडी सरली नाही का?” त्यांनी विचारलं. आम्ही दोघी हसलो. हसलो आम्ही!

लग्न जिन्जू शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये झालं. ताईचा मेकअप मीच केला, काळे हात पांढऱ्या हातमोज्यांत झाकले. रीतीप्रमाणे दोन्ही आयांनी मेणबत्त्या लावल्या, ताई येऊन नवऱ्याशेजारी बसली. मुलगा-सून वाकून नमस्कार करायला पुढे आले, आणि पानगिलदादा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ही बाई कोण? माझ्या बायकोच्या खुर्चीत का बसलीय?”

“अहो, मीच.”

“ती लसणाच्या रानात असेल. बोलवा तिला कोणीतरी. पोराचं लग्न आहे!”

दुसऱ्या दिवशी ताईनं ती ट्यूब माझ्या टेबलावर आपटली. “माझा रंग परत दे.”

“ताई, ऑक्टोबर संपत आला. आता कुठलं ऊन आणू?”

तरी ती बंदराच्या धक्क्यावर उघड्या डोक्यानं बसायची, सूर्याकडे तोंड करून, सबंध थंडीभर. गाल लाल झाले, फुटले, सालं निघाली. काळे काही होईनात. डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, चेहऱ्याचा काही संबंध नाही. “डॉक्टरांची बायको बारा महिने एका रंगाची असेल,” ताई म्हणाली.

घरात पानगिलदादा तिला ‘बाई’ म्हणायचे. ती पेज भरवायची, ते मान लववून आभार मानायचे. अंघोळ घालू द्यायचे नाहीत. “बायको येईल ना माझी.” एकदा तिलाच त्यांनी सांगितलं, “बोलते फार. पण तिच्याइतकं भराभर लसूण उपटणारं या बेटावर कोणी नाही.” हे सांगायला ती माझ्याकडे आली आणि खुर्चीत बसून राहिली. “बेचाळीस वर्षांत माझ्या तोंडावर एकदाही म्हणाला नाही गं.”

मे आला. टोपी नाही, क्रीम नाही. तीन आठवड्यांत रताळं भाजून निघालं. लसणाची शेवटची ओळ उपटून झाली त्या दुपारी तिनं मला हाक मारली, “चल, तूपण बघ.” मातीच्या पायांनीच ती ओसरीसमोर जाऊन उभी राहिली.

पानगिलदादांनी बराच वेळ निरखून बघितलं.

“मजुरी न्यायला आलीस?” ते म्हणाले. “बायको घरी नाही. उद्या ये.” मग तिच्या खांद्यावरून फाटकाकडे बघत, “आणि ती गोरी बाई कुठं गेली? पेज भरवायची ती. चांगली होती बिचारी. तिला तरी बोलवा.”

ताई नळावर गेली आणि पाय धूत बसली, स्वच्छ झाले तरी धूत बसली.

चार दिवसांनी मी पार्लरचं शटर अर्धं वर केलं, तेवढ्यात ती खालून वाकून आत आली.

“ती ट्यूब फेकलीस का?”

फेकली नव्हती. केसांच्या रोलरांमागे होती. तिनं झाकण काढलं, मी शिकवलं होतं तसंच कपाळ, गाल, नाक, हनुवटी असे ठिपके दिले.

“किती दिवस लागतील?”

“नववर्षापर्यंत, ताई.”

“लवकर होत असेल तर बघ,” ती आरशाकडे न बघता म्हणाली. “माझ्या हातून तो जेवत नाहीये.”