बाकं वाजली त्या दुपारी

नारपोलीत आमच्या घराच्या भिंतीला लागूनच कापड विणायच्या लूमचा कारखाना. शुक्रवारची सुट्टी सोडली तर खडखडाट थांबायचा नाही. बाबांचा सगळा जन्म त्या लूमवर गेला. त्यात कान गेले, वर हृदयाची झडप खराब झाली. कारखान्यात बोललेलं ऐकूच येत नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. मूठ वर केली की लूम चालू, पंजा आडवा फिरवला की बंद. बाबा घरातही तसंच बोलायचे, आणि आम्हालाही ती सवय लागली.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबवू नका. ठाण्याच्या आत्यानं कुणाच्या तरी ओळखीनं मोठ्या हॉस्पिटलात बेड धरून ठेवला. पण बाबा हटून बसले. संसदेच्या त्याच अधिवेशनात सगळ्या देशासाठी आरोग्य हक्काचा कायदा येणार होता. कुठल्याही हॉस्पिटलात जा, कुणी परत पाठवू शकणार नाही, असा.

"वशिल्यानं नाही जायचं मला," बाबा म्हणाले. "हक्कानं जाईन."

मला त्यांचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा. मेला तो अभिमान!

चर्चा होती त्या दुपारी अर्धी चाळ आमच्या टीव्हीसमोर. आवाज कितीही वाढवा, लूमपुढे काय डोंबल ऐकू येणार! मंत्री उठले, काहीतरी बोलले, आणि सगळे हसत हसत बाकं बडवायला लागले. बाबांनी मूठ वर केली. झाला कायदा चालू! आम्हीही तेच समजलो. हातांवरून ओळखायची सवय, दुसरं काय समजणार? आईनं पेढे आणवले. बाबांनी मला आत्याला फोन करायला लावला, तो बेड दुसऱ्या गरजवंताला दे म्हणून. आत्या चिडली, पण तिनं तसं केलं.

सकाळी पेपर उघडला आणि कपाळाला हात लावला. कायदा पास झालाच नव्हता. अधिक विचारासाठी समितीकडे पाठवला होता. बाकं वाजली ती मंत्र्यांनी विरोधकांना मारलेल्या टोमण्यावर. आमची सत्ता असताना आम्ही आणणारच होतो, असं विरोधक म्हणत होते. मग आणला का नाही, असं सरकार विचारत होतं. घाई कुणालाच नव्हती. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. आत्यानं पुन्हा हातापाया पडून पाहिलं, पण गेलेला बेड काही मिळाला नाही. बाबांना हे कळू द्यायचं नाही, असं आईनं आम्हाला बजावलं. तेव्हाच सांगितलं असतं तर ते वशिल्याला तयार झाले असते का, हा विचार मला आजही छळतो.

पुढच्याच आठवड्यात त्यांचा श्वास अडकला. जवळच्या हॉस्पिटलात नेलं, तर जागा नाही म्हणून व्हरांड्यात स्ट्रेचरवरच ठेवलं. बाबांनी आजूबाजूला पाहिलं, मग आईकडे बघून भुवया उंचावल्या आणि मूठ अर्धीच वर केली. कायदा चालू आहे ना?

आईनं आपली मूठ वर केली.

बाबा गेले ते हक्कानं आलोय असं समजून. कायदा अजून समितीतच आहे.