किल्ल्याखालची भट्टी

शारजात अल नहदाला आमचं केटरिंगचं किचन आहे. दुबईतल्या एका मराठी व्यापाऱ्याने मुलीचं लग्न इटलीतल्या डोंगरावरच्या एका गावात ठरवलं आणि जेवणाचं काम आम्हाला दिलं. त्यांची एकच अट होती, "पुरणपोळी गरमच पानात पडली पाहिजे." तोवर आमची मजल अबुधाबीच्या हॉलपर्यंतच होती. दोन आचारी आणि शारजातच वाढलेली माझी मुलगी यांना घेऊन मी निघाले.

गावाची वेस अरुंद होती, व्हॅन आत जाईना. "यल्ला, उठाओ," म्हणत आचाऱ्यांनी पातेली हातानेच वर नेली. वर एक चौक, चौकात विहीर, बाजूला चर्च आणि या सगळ्याच्या वर किल्ला. तिथल्या मॅनेजरने आमच्या शेगड्या बघितल्या आणि हात आडवा केला. आत लाकडी छतं, त्यांवर जुनी चित्रं. आग चालणार नव्हती. ईमेलमध्ये हे कुणी विचारलंच नव्हतं.

"ताई, काहीही करा," वधूचे वडील म्हणाले.

"मम्मा, लेट्स जस्ट डू केक," मुलगी म्हणाली.

किल्ल्याच्या भिंतीला लागून गावाची पावाची भट्टी होती. ती सांभाळणारी म्हातारी आमचा गोंधळ बघत उभी होती. मुलीने फोनवर भाषांतर करून तिला अडचण सांगितली. तिने मला खुणेनेच एक पोळी लाटायला लावली आणि भट्टीच्या तापलेल्या फरशीवर टाकली. पोळी फाटली, पुरण दगडावर करपलं. तिने निखारे मागे सारले, फरशी ओल्या फडक्याने पुसली. दुसरी पोळी टम्म फुगली.

मग संध्याकाळपर्यंत आम्ही तिथेच होतो. म्हातारी सांगत होती, मुलगी समजेल तेवढं मला सांगत होती. खालच्या खोऱ्यातून जाणाऱ्या मालावर जकात घ्यायला एका सरदाराने हा किल्ला बांधला. भट्टीही त्याचीच. गावाने दुसरीकडे पाव भाजायचा नाही आणि भाजलेल्यातला वाटा त्याला द्यायचा. त्याचं घराणं गेल्यावर लोकांनी वेशीवरचं त्यांचं चिन्ह छिन्नीने तासून टाकलं. पुढे किल्ल्यात शाळा भरू लागली. ती तिथेच शिकली. तरुण माणसं खाली कारखान्यांत गेली, शाळा बंद पडली. आता तिथे लग्नं लागतात.

"वाईट वाटत असेल ना यांना?" मी मुलीला विचारलं.

तिने विचारून सांगितलं, "शी सेज, शाळेत थंडी खूप वाजायची."

पोळ्या गरमागरम वर पोचल्या. वधूच्या वडिलांनी खाली येऊन म्हातारीला हात जोडले. ते कशाबद्दल हे तिला कळलं नसावं. तिने त्यांच्या हातात एक पाव दिला. पुरण तिने बोटाने चाखलं. फार गोड आहे म्हणाली, तरी वाटीभर घरी नेलं.

सकाळी निघण्यापूर्वी मी आणि मुलगी किल्ल्यात जाऊन आलो. एका खोलीत भिंतीला शाळेतल्या मुलांचे कोट अडकवायच्या लाकडी खुंट्या ओळीने होत्या, माझ्या कमरेच्या उंचीवर. मुलीने त्यांचा फोटो काढला. मग व्हॅनवाल्याने हॉर्न दिला.

शारजाला परतलो आणि मुहैस्नाहच्या कामगारांच्या कॅम्पचे रोजचे डबे पुन्हा सुरू झाले.