वाढत्या मापाची खुर्ची

माझ्या साडूंइतका संशयी आणि तरीही इतका प्रेमळ माणूस विरारच्या बोळिंजपासून वसईच्या एव्हरशाईन सिटीपर्यंत शोधून सापडणार नाही. हे मी नीट तपासून लिहितोय, कारण न तपासता लिहिलेलं त्यांच्या कानावर गेलं तर ते मला बोळिंजच्या घरात पाऊल ठेवू देणार नाहीत. वालीवला एका कारखान्यात बरण्यांची झाकणं तयार होत. ती झाकणं बरणीवर घट्ट बसतात की नाही एवढंच पाहण्यात साडूंची सव्वीस वर्षं गेली. बरं, संध्याकाळी कारखाना सुटला की माणसाने झाकण विसरून घरी यावं. साडूंचं तसं नव्हतं. आमच्याकडे चहाला आले की बोलता बोलता त्यांचा हात साखरेच्या डब्याकडे जायचा. ते डबा उचलायचे, उलटा करायचे आणि माझ्या बायकोच्या चेहऱ्याकडे शांतपणे बघत तीनदा हलवायचे. आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर त्यामुळे किती वेळा साखर सांडली, ते मुंग्यांना ठाऊक.

त्यांची आणि माझी पहिली भेट मी मुलगी बघायला गेलो तेव्हाची. मोठे जावई या नात्याने ते कोपऱ्यात बसले होते. सगळ्यांनी मला शिक्षण, नोकरी, गाव विचारून झालं. साडूंनी काहीच विचारलं नाही. निघताना मात्र ते जवळ आले आणि माझ्या कॉलरमध्ये दोन बोटं घातली. दोनच्या जागी चार मावली.

"मोठी आहे," ते म्हणाले.

"वाढत्या मापाचा घेतलाय," माझी आई कौतुकाने म्हणाली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो.

आईचंही काही चुकलं नव्हतं. आमच्या घरात कुठलीही वस्तू अंगाच्या मापाची आलीच नाही. शाळेचे बूट दोन नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेला. तो कापूस काढायची वेळ यायची तेव्हा बूट फाटलेले असायचे. सातवीत शिवलेल्या रेनकोटमध्ये मी आणि दप्तर आणि पाऊस पडलाच तर बाजूला बसणारा मित्र, एवढे मावायचे. लग्नातल्या कोटाच्या बाह्यांमधून माझे हात शोधून काढून भटजींना ते बायकोच्या हातात द्यावे लागले. अशा घरात वाढलेल्या माणसाच्या हातून पुढे जे घडलं ते घडायचंच होतं.

आम्हाला मुलगी झाली. रुग्णालयात बाकीचे नातेवाईक नाक कुणाचं, कपाळ कुणाचं यावर वाद घालत होते. साडू खाली वाकून पाळण्याच्या चाकाला कळ आहे का बघत होते. बारशाच्या दिवशी तर त्यांनी कहर केला. पाळणा सजला, बायका गाणं म्हणायला उभ्या राहिल्या, मुलीला आत ठेवणार एवढ्यात साडू म्हणाले, "थांबा." त्यांनी स्टूल आणलं, पाळणा सोडवला, छताच्या कडीला दोन्ही हातांनी धरलं आणि पाय वर घेतले. ऐंशी किलोंचा माणूस, धोतर नेसलेला, आमच्या हॉलच्या मधोमध लोंबकळतोय आणि पंधरा बायका गाण्याच्या पहिल्या ओळीवर अडकून उभ्या. मग ते उतरले, हात झटकले आणि म्हणाले, "आता ठेवा." मुलीचं नाव मनू ठेवलं. तिच्या कानात नाव सांगायच्या आधी साडूंना धाप लागल्याचा आवाज गेला असावा, असं माझी मेहुणी अजून म्हणते. म्हणजे त्यांची बायको, आमची ताई.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराला मी एक जुनी गाडी घेतली. मनू पाच महिन्यांची होती आणि डहाणूला माझ्या आईला नात बघायची होती. आईला गुडघ्यांमुळे बारशालाही येता आलं नव्हतं. पुढच्या रविवारी गाडीने जायचं असं मी जाहीर केलं. साडू तेव्हा आमच्याकडेच होते. त्यांनी साखरेचा डबा खाली ठेवला.

"मूल कुठे बसणार?"

"हिच्या मांडीवर."

"हायवेवर?"

"मग काय टपावर?"

ते हसले नाहीत. "साडूभाऊ," ते म्हणाले, "मांडीला झाकण नसतं."

या वाक्यावर मी पुढचे दोन दिवस हसलो. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "भाऊजी म्हणतात ते खरं असलं तर?" आणि माझं हसू थांबलं. ऑफिसातल्या एकाचा भाऊ परदेशात होता. तिकडे पोरांना गाडीत वेगळी खुर्ची असते, पट्ट्यांची, असं त्याने सांगितलं. आपल्याकडे तेव्हा ती फारशी कुणी पाहिलेली नव्हती. मुंबईतल्या एका दुकानात मात्र दोन निघाल्या. एक लहानशी, टोपलीसारखी, तोंड मागच्या काचेकडे करून ठेवायची. दुसरी मोठी, राजासारखी पुढे बघणारी. दुकानदाराने विचारलं, बाळ केवढं आहे. मी म्हणालो, पाच महिन्यांचं, पण वाढेल. तो लहान खुर्ची दाखवत राहिला आणि मी मोठीकडे बघत राहिलो. टोपली वर्षभरही पुरणार नाही, आणि ही चार वर्षांपर्यंत. चार पिढ्यांचं रक्त उसळून आलं. खुर्चीच्या बाजूला 'नऊ ते अठरा किलो' असं छापलेलं होतं. ते मी वाचलं. अठरा किलोंना चालते म्हणजे साडेसहाच्या मनूला चालणारच, असा माझा विचार. आमच्या लिफ्टमध्ये सहा माणसं चालतात, म्हणून मी एकटा असलो तर ती थोडीच पडते?

शनिवारी सकाळी मी खुर्ची गाडीच्या पुढच्या सीटवर पट्ट्याने बांधली. मागे पट्टेच नव्हते. मनूला आत ठेवलं. ती दिसेनाशी झाली. मग पाठीमागे एक उशी, दोन्ही बाजूंना दुपटी आणि खाली गोधडीची घडी घातली, तेव्हा तिचं टोपडं वर आलं. मी खूश होतो. साडूंना दाखवायला मुद्दाम बोलावलं.

ते आले. त्यांनी खांद्यावरच्या पट्ट्याखाली दोन बोटं घातली. मग चार. मग अख्खा पंजा गेला. त्यांनी मनूला उचलून सोबत आलेल्या ताईकडे दिलं आणि मला म्हणाले, "घरात तांदूळ किती आहेत?"

अर्ध्या तासाने साडूंच्या ताणकाट्यावर एक पिशवी लटकत होती. साडेसहा किलो, मनूच्या वजनाइतके तांदूळ. त्यात नारळही धरलेला होता. तो साडूंनी पिशवीच्या तोंडाशी घट्ट बांधला. "पोराचं डोकंच जड असतं," ते म्हणाले. मग त्यांनी मनूचं टोपडं मागितलं. बायको म्हणाली, "भाऊजी, टोपडं नको हो." ते म्हणाले, "टोपडं घातल्याशिवाय हे गाडी जपून चालवायचे नाहीत." त्यांनी टोपडं नारळाला घातलं, नाडी बांधली आणि पिशवीला उशी-दुपट्यांसकट माझ्या राजखुर्चीत बसवलं. गोधडीवर नीट रेललेली ती पिशवी हुबेहूब आमच्या मनूसारखी दिसत होती. शेजारच्या आजोबांनी तर तिला टाळी वाजवून दाखवली.

आमच्या एव्हरशाईन सिटीत तेव्हा पुष्कळ रस्ते तयार होते आणि त्यांवर इमारती यायच्या होत्या. असा एक रिकामा रस्ता साडूंनी निवडला, खडूने आडवी रेघ मारली आणि रुमाल घेऊन बाजूला उभे राहिले. मी तीसच्या वेगाने यायचं आणि रेघेवर करकचून ब्रेक मारायचा. मला ही सगळी गंमत वाटत होती. येताना मी पिशवीशी दोन शब्द बोललोही.

रुमाल पडला. मी ब्रेक दाबला. खुर्ची जागेवरून हलली नाही, हे मला खुर्चीबद्दल प्रामाणिकपणे सांगायला हवं. पिशवी मात्र पट्ट्यांखालून साबणासारखी सुटली आणि समोरच्या डॅशबोर्डवर आदळली. खाड असा आवाज झाला. नारळाचं पाणी माझ्या गुडघ्यावर उडालं. गाडी उभी राहिली. टोपडं माझ्या पायाशी पडलं होतं, ते मी उचललं. ते ओलं होतं.

मला दार उघडता येईना. म्हणजे दाराला काही झालं नव्हतं, हाताला झालं होतं.

तेवढ्यात भाजीची टोपली घेऊन चाललेली एक म्हातारी खिडकीशी आली. आत तांदूळ, फुटका नारळ आणि टोपडं हातात घेतलेला मी. तिने सगळं नीट पाहिलं. "नवीन गारी हाय का?" तिने विचारलं. मी मान हलवली. "मंग नारल चाकाफुडं फोरायचा, बाबा. आतमदी कोन फोरतं? सगला पानी सांडला ना." आणि या शिकल्या-सवरल्या लोकांना साधी पूजा येत नाही, अशा चेहऱ्याने ती निघून गेली.

साडू आले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. लग्नातल्या कोटापासून सुरुवात होणार. ते बाजूच्या दाराने आत वाकले, सांडलेले तांदूळ ओंजळीने पिशवीत भरत राहिले. मग म्हणाले, "तांदूळ होते, साडूभाऊ."

"हो."

"तांदूळच होते." आणि त्यांनी माझ्या हातातलं टोपडं काढून घेतलं, कारण मी ते पिळत होतो.

डहाणूचा बेत एका आठवड्याने पुढे गेला. आईला मी फोनवर गाडीचं काम निघालंय असं सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. साडूंनी वालीवच्या ओळखीच्या मिस्त्रीकडून मागच्या सीटला पट्टे बसवून घेतले आणि बसवल्यावर त्यांना स्वतः लोंबकळून पाहिलं. मग आम्ही मनूला घेऊनच पुन्हा त्या दुकानात गेलो. साडूंनी टोपलीसारखी खुर्ची जमिनीवर ठेवली, मनूला तीत बसवलं, पट्टा ओढला, दोन बोटं घातली. दोनच गेली. तिथून उठायला त्यांनी तासभर घेतला. दुकानदाराने चहा मागवला तेव्हा साडूंनी त्याच्या साखरेच्या बरणीचं झाकणही पाहून घेतलं.

"किती दिवस पुरेल ही?" माझ्यातला आईचा मुलगा अजून मेला नव्हता.

"सहा-सात महिने," दुकानदार म्हणाला.

"एवढेच?"

साडूंनी मनूच्या पायाचं बोट धरलं होतं. "पोर वाढणार, त्यात शंका नाही," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना एखाद्या गोष्टीबद्दल शंका नाही असं म्हणताना ऐकलं. "पण आज ती एवढीच आहे ना?"

त्या रविवारी आम्ही निघालो. मनू मागे, तोंड काचेकडे, शेजारी बायको. मनोरच्या अलीकडे दुभाजकातून एक म्हैस सरळ रस्त्यावर आली. मी ब्रेक मारला. चाकं किंचाळली, बायको किंचाळली, डब्यातले लाडू पुढच्या काचेवर आले. म्हैस एकदा माझ्याकडे बघून शेतात उतरली. मागे वळून बघायचं धाडस मला होईना. "अगं, बघ ना," मी म्हणालो. शेवटी मी वळलो. मनूने डोळे उघडले होते. तिने एक उचकी दिली, आपली मूठ तोंडात घातली आणि परत झोपली. बायकोची दोन बोटं तिच्या पट्ट्याखाली होती. मी गाडी कडेला घेतली, खाली उतरलो आणि एका बाभळीच्या झाडाला टेकून मोठ्याने हसलो. लाडवाचे तुकडे गोळा करून आम्ही तिथेच खाल्ले. इतका चांगला लाडू मी पुन्हा खाल्लेला नाही.

डहाणूला पोचल्यावर आधी बोळिंजला फोन लावला. पहिल्या घंटेलाच उचलला गेला. मी म्हैस सांगितली, ब्रेक सांगितला, उचकी सांगितली.

"पट्टा सैल पडला का?" साडूंनी विचारलं.

"नाही."

"बरं." आणि त्यांनी फोन ठेवला. मला जरा रागच आला. नंतर ताईने सांगितलं की सकाळपासून ते फोनशेजारी पाटावर बसून होते, आंघोळसुद्धा केली नव्हती. फोन ठेवल्यावर त्यांनी जेवायला वाढ म्हणून सांगितलं आणि तीनदा भात घेतला.

पुढे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते ताणकाटा घेऊन यायचे. माझी आई फोनवरून कुरकुरायची, पोराला असं टांगून तोलू नये, नजर लागते. साडू मनूला झोळीत टांगायचे आणि वजन माळ्याच्या दारावर पेन्सिलीने लिहायचे. ज्या दिवशी काटा नऊच्या पुढे गेला त्या दिवशी त्यांनी पेढे आणले, माळ्यावरून माझी राजखुर्ची उतरवली आणि नारळाच्या पाण्याचा डाग पुसून मनूला तीत बसवलं. दोन बोटं. "खुर्ची तुम्ही चांगलीच घेतली होती," ते म्हणाले. "फक्त सात महिने आधी." माझ्या कुठल्याही चुकीचं याहून मऊ वर्णन कुणी केलेलं नाही.

हल्ली साडू निवृत्त आहेत. ताणकाटा गंजला, माळ्याच्या दाराला रंग दिला, पण तेवढी एक पट्टी आम्ही रंगवू दिली नाही. मनू आता गाडी चालवते. मागच्या महिन्यात साडूंना डोळे तपासायला न्यायचं होतं. ते पुढे बसले, मी मागे. ऐंशी किलोंचा तो माणूस आता छप्पन्न किलोंचा आहे, आणि सदऱ्याच्या कॉलरमध्ये त्यांची मान कुठेतरी आत हरवल्यासारखी दिसते. गाडी सुरू करण्याआधी मनू वाकली, तिने त्यांच्या पट्ट्याखाली दोन बोटं घातली आणि पट्टा ओढून घट्ट केला. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

"काका, सदरा मोठा झालाय हो," ती म्हणाली.

"वाढत्या मापाचा आहे," साडू म्हणाले, आणि आरशातून माझ्याकडे बघत राहिले.

मनूने गाडी अगदी हळू काढली.