पेण डेपोतल्या बाईंची चूक नव्हती

रोह्याच्या कारखान्यातला सर्व्हर रोज का अडकतो, यावर मी एक अहवाल लिहिला होता. त्यात ‘पेण डेपोतील ऑपरेटरची चूक’ असं म्हटलं आहे. ते खोटं आहे. चूक माझी होती.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्या सर्व्हरसाठी मी एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येईल असा तयार कोड, लिहिली होती. सर्व्हरनं टेलिफोन लाइनीनं जोडलेल्या डेपोंतल्या प्रत्येक टर्मिनलला ‘काही काम आहे का?’ विचारत फिरू नये, ज्याचं काम असेल त्याची वर्दी लायब्ररीनं द्यावी. टर्मिनलं कितीही वाढवा, मशीन कुठल्याही कंपनीचं आणा, ती चालेल, असं मी वडखळला चहा पिताना एका अनोळखी ट्रक ड्रायव्हरलाही सांगितलं होतं.

आणि रोज दुपारी एक वाजता सर्व्हर अडकायचा. शोधलं तर पेण डेपोतल्या क्लार्क बाई डबा खायला जाताना टर्मिनल बंद करत. बाकीची टर्मिनलं तिन्ही शिफ्ट चालूच असत. बाईंना घरातला दिवा मालवून निघायची सवय. मी अहवाल दिला आणि टर्मिनल बंद होऊ नये म्हणून बाईंची बदली रोह्याला, माझ्या नजरेखाली झाली. हमरापूरला त्यांच्या घरी गणपती करत. मूर्तींचे डोळे बाई सकाळी रेखायच्या. तो वेळ आता रेल्वेगाडीत, कासू स्टेशनात समोरच्या गाडीच्या क्रॉसिंगची वाट बघण्यात जाऊ लागला.

महिन्याभरात रोह्याला दुसऱ्याच कंपनीचं मशीन आलं. लायब्ररी त्यावर एका दिवसात चालू झाली. एक वाजता बाईंनी सवयीनं टर्मिनल बंद केलं आणि नवा सर्व्हरही अडकला. लायब्ररीबरोबर चूकही विनातक्रार नव्या मशीनवर आली होती.

सर्व्हरच्या पडद्यावर नोंदी धावत होत्या. बाईंनी डबा हातात धरूनच विचारलं, “साहेब, हा कुणाकडं धावतोय?”

“तुमच्याकडे.”

“मी तर निघाले. गेलेल्या माणसाचं नाव हजेरीतून काढत नाय काय तुमच्यात?”

काढत नव्हतो. टर्मिनल बंद झालं तरी लायब्ररी वर्दी देते, आणि नाव यादीतून खोडेपर्यंत देतच राहते. मी खोडलंच नव्हतं.

लायब्ररीत चार ओळी वाढवल्या, काम झालं. मॅनेजरना म्हणालो, बाईंना पेणला पाठवा. ते म्हणाले, मग चूक कुणाची होती? मी म्हणालो, बहुतेक टेलिफोन लाइनची. ते म्हणाले, बहुतेकवर बदली रद्द होत नाही. त्या वर्षी डोळे बाईंच्या जावेनं रेखले. यंदाचा गणपती शेजारच्या घराकडे बघतोय, असं गिऱ्हाइकं सांगत आली.

गेल्या महिन्यात हा कबुलीचा कागद घेऊन हमरापूरला गेलो. बाईंनी चष्मा लावून सावकाश वाचला.

“छापा,” त्या म्हणाल्या. “पण लाइनीवर ढकललंत, ते यात नाय.”

नव्हतं. आता घातलं आहे.